थेंबातली घाण

१२ ऑगस्ट १९६३, अमरावती
शी! कुठून डोळा लावला त्या सूक्ष्मदर्शकाच्या नळीला. बायको केशर आतड्याच्या ऑपरेशनमुळं दवाखान्यात, मी लेकीच्या घरी नुसता येरझारा घालतो, म्हणून ललितानं आपल्या कॉलेजात नेलं. तिथं ती शिकवते. "बाबा, डबक्यातलं पानी पाहा, जीव रमन."
रमला कसला! एका थेंबात चपलेच्या तळव्यासारखे जीव, नुसती पळापळ. लेकीनं त्यांना लाल रंगवलेलं खमीर चारलेलं. लाल गोळा पोटात गेला, फिरता फिरता निळा पडला, शेवटी कडेला भोक उघडलं न् उरलंसुरलं बाहेर. त्याच पाण्यात. अन् तेच पाणी पुन्हा तोंडात!
दुसरा तर त्याहून अवली— अमिबा. त्याला ना तोंड ना ढुंगण. मागून घाण सोडायची न् पुढं सरकायचं. आमचा बैल निदान शेपटी तरी उचलतो.
रात्री भाकर घशाखाली उतरली नाही.

१३ ऑगस्ट
केशरच्या आतड्याचे टाके बरे आहेत, पोट मात्र अजून मोकळं नाही. डॉक्टर म्हणतो, "शौचाला झाल्याशिवाय अन्न नाही. पोट असंच फुगलं तर पुन्हा उघडावं लागेल." चार माणसांत हे विचारणं! मान वर करवत नाही.
तिला हसवावं म्हणून त्या किड्यांची गंमत सांगितली. नाक दाबून नक्कलही केली. शेजारच्या खाटेवरची खुर्शीदबी पोट धरून हसली. ही नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "घरी जा ना आता तुमी."

१४ ऑगस्ट
पोट ढोलासारखं. नर्स भांडं आणते, ही नको म्हणते.

१५ ऑगस्ट
ललितानं वऱ्हांड्यात गाठलं.
"बाबा, मायले लागते. ते दाबून राहिली."
"काहून?"
"उभ्या जन्मात अंधाराबिगर गेली नाही ते. अन् वार्डातली बत्ती रातभर जयते. त्यात तुमचे ते किडे! म्हने, तुह्या बाबाले थेंबातल्या किड्याची किळस येते, मंग माही नाही येईन काय?"
खरं आहे. इतका संसार झाला, पण हिला हाती लोटा घेऊन जाताना मी कधी पाहिलेलं नाही. मी उठायच्या आत ती जाऊन आलेली असे. मला वाटे, बायकांचं असंच असतं.
जेवलो नाही.

१६ ऑगस्ट
खुर्शीदबीची जाड चादर मागून घेतली. खाट भिंतीला लागून, म्हणून आडोसा जमला. पाठ फिरवून मीच धरून उभा राहिलो.
"डोये मिटले हायेत," म्हटलं.
"पाठ हाये तं डोये काहून मिटता?" ती म्हणाली. हसली बहुतेक.
हात भरून आले, पण चादर सोडली नाही.
भांडं मीच नेलं, मीच धुतलं. किळस आली नाही असं लिहिणार नाही. पण मोरीच्या दारातूनच सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडलो, "ललिते, झालं वं! मायले झालं!"