कडा कापलेलं सँडविच

जळगाव, गुरुवार, १९ नोव्हेंबर १९८७

आज हे धुळ्याहून येताना माझ्यासाठी सँडविच घेऊन आले. म्हणे स्टँडवर मिळालं. वर न विचारता माहिती, की कोण्या इंग्रजाने पत्ते खेळताना खायला म्हणून ते शोधून काढलं. भाकरीत चटणी घालून आमची माणसं शेतात केव्हापासून खातात, त्याचं काय? पण हे एवढं का बोलत होते?

आणि पावाच्या कडा कापलेल्या. माझी दाढ दुखते हे स्टँडवरच्या माणसाला कसं कळलं?

घास घेतला. शेंगदाणा-लसणाची चटणी, थेट सासूबाईंच्या हातची चव. त्या गेल्यावर ती फक्त यांच्या धुळ्याच्या बहिणीला, अक्कांना, जमते. सासूबाईंच्या तेराव्याला भांडण झालं, तेव्हापासून आमचं दोघींचं बोलणं नाही.

"अक्कांकडे गेला होतात?"

हे गडबडले. "ती म्हने, सुमनले दे, पन मनं नाव सांगू नको." माझं नाव सांगू नको, म्हणे!

चोरून जातात म्हणून राग आला. पण माझ्या दाढेसाठी कडा कापत बसलेल्या अक्का डोळ्यांपुढून हलेनात. सगळं खाल्लं. मग म्हटलं, "पुढच्या खेपेला मीही येते."

अक्का दार उघडतील ना?