पाचव्या गावाची टिकली

शुक्रवार, १४ ऑक्टोबर २००५, कॅरी, अमेरिका

या बायकांना जीभ आहे, अक्कल नाही. मुक्ताला जाऊन आज नववा दिवस, आणि फोनवर माझ्या सुनेला विचारतात, "सुजाता, पोरीला एकटीला स्पेनच्या डोंगरात धावायला पाठवलीसच कशी गं?" सुजाता रिसीव्हर धरून खालीच बसली.

माझी नात कधी कुणाला विचारून धावली? जाताना मला नकाशा देऊन गेली. "आजी, डोंगर उतरून गावात पोचले की फोन करीन. तू त्या गावावर टिकली लाव." चार गावं, चार फोन, चार टिकल्या. पाचव्या दिवशी जेवून डोळे मिटायला लागले, म्हणून फोन यायच्या आधीच टिकली लावून मोकळी झाले. पोरगी पोचलीच नाही. दरीच्या वाटेवर पाय घसरला.

टिकलीने कुणी मरत नाही, एवढं मला कळतं. मग ती पाचवी काढायला नख का चालत नाही?

मुलगा म्हणाला, "आई, नकाशा फ्रीजवरून काढू?" म्हटलं, हात तर लावून बघ.

उद्यापासून फोन वाजला तर सुजाताने जागचं उठायचं नाही. मी उचलणार. मला विचारा म्हणावं.