दारातला शब्द

कॅम्प, ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरी मोजे मिळाले. वाळवंटात मोजे पाठवणारी बहीण फक्त मलाच आहे, अशी माझी इथे ख्याती झाली आहे. पण पहाटे पाय असे गारठतात की आधी खो खो हसलेल्या वायरमननेच त्यातला एक जोड लांबवला.

काम बरं चाललंय. विजेच्या खांबांसाठी जमीन मोजायची, खुंट्या ठोकायच्या आणि वाळूखाली गेल्या की पुन्हा हुडकायच्या. आम्ही चौघं आहोत: मी, नकाशेवाले साहेब (निवृत्तीला सहा महिने उरलेत, पण अंगात हौस दांडगी), वायरमन आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर गाडी सुरू करण्याआधी मोठ्याने माणसं मोजतो. पूर्वी कधीतरी त्याचा एक माणूस मागे राहिला होता म्हणे.

रविवारी सुट्टी होती, म्हणून भटकायला गेलो. मिठाचं पांढरंशुभ्र मैदान पाहिलं, वाऱ्याने झिजवलेले खडक पाहिले. त्यातला एक तर हुबेहूब तुझ्या शाळेच्या हेडमास्तरांसारखा, पोटासकट. शेवटी साहेबांनी एका ओसाड मजूर वसाहतीत नेलं. ओळीने खोल्या, छपरं शाबूत, आणि खिडक्यांपर्यंत वाळू. साहेब फोटो काढत सुटले. मी एका खोलीत वाकून शिरलो. चौकटीवर निळ्या रंगात १४ हा आकडा होता. आत भिंतीला एक खुंटी, एक कोनाडा, बाकी वाळूच वाळू.

निघताना तुझ्या शिस्तीने घोळ घातला. उंबरा ओलांडला की येतो म्हणायचं, जातो हा शब्द घरात उच्चारायचा नाही, हे तू लहानपणापासून इतकं घोटून घेतलं आहेस की त्या रिकाम्या खोलीलाही मी येतो म्हणालो. आणि आतून कोणीतरी दोनदा घसा खाकरून म्हणालं, ये रे.

मला वाटलं, वायरमनचा चावटपणा. पण तो गाडीत बसून संत्रं सोलत होता.

बाकी क्षेम. लोभ आहे तसाच राहू दे, मोज्यांसकट.

तुझा,
टिल्लू

*

घर, ११ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ऱ्हस्वदीर्घाच्या नऊ चुका आहेत, लाल शाईने खुणा करून ठेवल्या आहेत. एकतीस वर्षांचा घोडा झालास, बहीण शिक्षिका, आणि ही तऱ्हा. हेडमास्तरांच्या पोटाबद्दलचं वाक्य मात्र मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. नेमके तेच दारात उभे होते.

इथे सगळं ठीक. परीक्षा जवळ आली आहे. मागच्या दाराची कडी पुन्हा निखळली आहे, तू आलास की बघ.

आता नीट आठवून लिही. घसा दोनदाच खाकरला का? पहिलं खाकरणं बारीक आणि दुसरं मोठं, असं होतं का? आकडा १४च होता ना? चार आणि सातमध्ये तू नेहमी गडबड करतोस. आवाज थकलेला होता का?

का विचारते ते विचारू नकोस. आणि तिकडे पुन्हा फिरकू नकोस. सुट्टीच्या दिवशी झोपा काढ.

लोभ आहेच, धाकही आहे.

तुझी,
ताई

*

कॅम्प, १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू फिरकू नकोस म्हणालीस आणि मी फिरकलो नाही. मला नेलं गेलं.

परवा साहेबांना एक जुनी विहीर दाखवायची होती. ती वसाहतीच्या अगदी उलट्या दिशेला आहे. ड्रायव्हर या भागात अकरा वर्षं गाडी चालवतोय, डोळे बांधले तरी कॅम्पवर आणून सोडेल. त्या दिवशी मात्र दोन तास फिरला आणि भर दुपारी आम्हाला त्या खोल्यांसमोर आणून उभं केलं. तोही गोरामोरा झाला.

मी गाडीतून उतरणार नव्हतो. पण साहेबांनी हाक मारली. चौदा नंबरच्या दारातली वाळू कोणीतरी उपसली होती. आत जमीन झाडलेली, एका माणसाला बसता येईल एवढी. कोणी सहलीला आलं असेल, असं म्हणत साहेब पुढे गेले. पण ताई, आमच्याखेरीज कुठेही पावलांचा ठसा नव्हता. मी वाकून आत पाहिलं. कोपऱ्यातून खाकरणं आलं, आधी बारीक, मग मोठं. मग कोणीतरी विचारलं, आलास? बैस.

थकलेला होता का म्हणून विचारलंस. होता. पण रागावलेला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी जो पळत सुटलो, तो पळता पळता सवयीने पुन्हा येतो म्हणून बसलो! मागून तेच, ये रे.

बारा मार्चला माझं इथलं काम संपतं. मला आता सारखं वाटतंय की त्या दिवशी गाडी स्टेशनकडे जाणारच नाही, तिकडेच वळेल. मी दोनदा शब्द दिलाय. तो मोडायला एकदा जाऊन जातो म्हणू का? तू कधी म्हणू दिलं नाहीस, म्हणून विचारतो.

लवकर लिही. चुका मोजू नकोस.

तुझा,
टिल्लू

*

घर, २६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

या वेळी चुका मोजल्या नाहीत.

आईच्या ट्रंकेत बाबांची दोन पत्रं आहेत. रस्त्याच्या कामावर वाळवंटात गेले तिथून पाठवलेली. तू तेव्हा तीन महिन्यांचा होतास. दोन्हींवर पत्ता एकच आहे: मजूर वसाहत, खोली नंबर १४. तिसरं पत्र आलंच नाही. वादळ झालं, माणसं पांगली, एवढंच ऑफिसने कळवलं. वाळवंटं काय कमी आहेत, म्हणून तू निघालास तेव्हा मी मनाला समजावलं होतं. बाबा कधीही दोनदा घसा खाकरल्याशिवाय बोलत नसत, आधी बारीक, मग मोठं.

आणखी एक सांगायचंय. आई गेली, पण तिलाही मी हे कधी सांगितलं नाही. बाबा निघाले तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि रुसले होते. मला सोडून जातात म्हणून. ते दारात दोनदा येतो म्हणाले, मी मान वळवली. तिसऱ्यांदा ते हिरमुसून जातो म्हणाले. आणि मी म्हटलं, जा.

या म्हणायचं होतं रे. एका अक्षराची चूक. मुलांचा अर्धा गुण कापताना दर वेळी मला ते दार दिसतं.

त्यांना जातो म्हणू नकोस, तुझ्या पाया पडते. येतोही म्हणू नकोस. दारात उभा राहा आणि म्हण, चला. गाडीत त्यांना जागा ठेव.

लोभ ठेव माझ्यावर, हे वाचल्यावरही.

तुझी,
ताई

*

कॅम्प, ८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर चिडलो होतो. एवढी वर्षं एकटीने गिळून बसलीस, मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. मग राग गेला. बारा वर्षांच्या मुलीवर कोण किती चिडणार?

काल गेलो. निरोपाची शेवटची सहल, असं तिघांना सांगितलं. दारात उभा राहिलो आणि म्हटलं, चला बाबा. ताई, बाबा हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी उद्देशून उच्चारला. आतून काहीच आलं नाही. मी वाट पाहिली, मग गाडीत येऊन बसलो.

ड्रायव्हरने माणसं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि गाडी सुरू केली. साहेब कॅमेरा पुसत होते, कोणाच्या काही लक्षात आलं नाही. वायरमनने पाण्याचा कॅन सीटवरून उचलून मांडीवर घेतला आणि सगळा रस्ता अंग चोरून बसला. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, दाटी झालीय ना.

पण ते माझ्याबरोबर थांबलेले नाहीत. मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा वायरमनने कॅन खाली ठेवला आणि पाय पसरले. सीटवर ओंजळभर वाळू होती. त्यांना घाई असावी. मी बाराला निघून पंधराला सकाळी पोचतो. ते बहुतेक माझ्याआधी येतील.

घाबरू नकोस म्हणणार होतो, पण मीच घाबरलोय.

तुझा,
टिल्लू

*

घर, १४ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

हे पत्र टपालात टाकत नाही. बाहेरच्या कडीत अडकवून ठेवते. आत येण्याआधी वाच.

काल दुपारी उत्तरपत्रिका तपासत होते. दाराशी कोणीतरी घसा खाकरला, आधी बारीक, मग मोठ्याने. येऊ का, असं विचारलं. शब्द एकतीस वर्षं तयार ठेवला होता. लाल पेन हातात तसंच राहिलं. मग म्हटलं, या.

दारात कोणी दिसलं नाही. पायपुसण्यावर वाळू होती.

तेव्हापासून ते खोल्याखोल्यांतून फिरतायत. वाळूवरून कळतं. पलंगाखाली, ट्रंकेमागे, माझी उंची पेन्सिलीने लिहायचे त्या भिंतीशी. माठ तीनदा रिकामा झाला. मधूनच हाक येते, चिमे. या नावाने दुसरं कोणीच मला कधी बोलावलं नाही. मी दर वेळी ओ देते, आणि ते माझ्याजवळून पुढे जातात. त्यांना दोन वेण्या घातलेली मुलगी हवी आहे. मी त्रेचाळीस वर्षांची, केस पिकलेली बाई. आता मी त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी आहे रे. मला ते कसे ओळखणार?

भीती वाटते, खोटं कशाला बोलू? त्यांची नाही वाटत. सकाळपासून ते सारखे दाराशी जाऊन उभे राहतात. मी सापडले नाही, तर पुन्हा जातो म्हणतील.

तू चला म्हणालास आणि ते आले. तुझं ऐकतात. आत पाऊल टाकलंस की बॅग खाली ठेवू नकोस, पाणी मागू नकोस. आधी माझ्याकडे बोट दाखव आणि त्यांना सांग, बाबा, हीच ती.

लोभ आहेच. लवकर ये.

तुझी,
चिमी