चालताना आठवू नये असा जोडा

"घालणारा जोड्याला विसरला की समजायचं, जमला." वडील हे म्हणाले तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि मला ते मुळीच पटलं नव्हतं. इतकं राबायचं आणि वर लोकांनी विसरावं अशी आशा करायची, हा कुठला न्याय?

आज मी, जोडे करणारी, वय वर्षे सहासष्ट, डोकं ठिकाणावर असताना, कोणीही भरीस घातलेलं नसताना, सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. नाव घालत नाही, सहीतही काम आणि वयच येईल. अक्षर थरथरलेलं दिसेल. तो दोष हाताचा आहे, बुद्धीचा नाही. हाडांच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे, कागद सोबत जोडला आहे.

कलम १. कारखान्यावरच्या दोन खोल्या आणि माझी जी काही शिल्लक असेल ती माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला मिळावी. तिने भाडेकरू ठेवला तरी हरकत नाही. मात्र सकाळी साडेनऊला खालच्या रस्त्यावरून पावलं ऐकू येतात, एक जड, एक हलकं, एवढं त्याला आधी सांगावं. खिडकीतून बघितलं तर रस्ता रिकामा असतो. समोरचे घड्याळजी म्हणतात, त्यांना काही ऐकू येत नाही. त्यांचा कान टिकटिकीने भरलेला असतो, त्यांना काय ऐकू येणार.

कलम २. कारखाना, हत्यारं आणि कातडं शिलाईवाल्या बाईंना. एकोणीस वर्षं त्या वरचा भाग शिवत आल्या आणि मी तळ लावत आले. कातडं तासायची वडिलांची रापी त्यांनीच वापरावी; झिजून बोटभर उरली आहे, पण त्यांच्या हाताला बसते. पाटीवर माझं नाव ठेवू नये. हे ऐकून बाई म्हणाल्या, मग गिऱ्हाईक तुमची आठवण तरी कशी काढणार? म्हटलं, चावला तर काढतील. ज्यांना जोडा जमला ते रस्त्यात ओळख देत नाहीत, ज्यांना चावला ते घर शोधत येतात. या एका गोष्टीवर मी तरुणपणी फार कुढले.

कलम ३. चुलतभावाला काही नाही. बाईच्या हातची टाच टिकत नाही, असं तो चारचौघांत म्हणत आला आहे. एकवीस वर्षांपूर्वी मी लावलेली टाच अजून त्याच्या जोड्याला आहे. ती त्याच्याकडेच राहू द्यावी.

कलम ४. भिंतीवर दोनशे चौदा फरमे आहेत, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम कोरलेली लाकडी पावलं. जे गिऱ्हाईक गेलं, त्याचा फरमा मी भिंतीकडे तोंड करून ठेवते. पायाला कसलं तोंड, असं भाची लहानपणी विचारायची. चवडा, असं मी सांगायची. गेलेल्यांची लाकडं शाळेच्या सुतारकामाला द्यावीत, हयात असलेल्यांची बाईंकडे राहावीत. माझा स्वतःचा फरमा गेल्या आठवड्यात मीच फिरवून ठेवला आहे. खालच्या रांगेतली शेवटची जोडी कोणीही हलवू नये. ती माझ्या बहिणीची आहे.

कलम ५. पदक. ते शोधण्यात वेळ घालवू नये. शिलाईच्या यंत्राचा एक पाय आखूड आहे, त्याखाली ते आहे. तिथे ते उपयोगी पडतं, तिथेच असू द्यावं.

हे पदक कसं मिळालं ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही. मृत्युपत्रात मालमत्तेचं मूळ सांगावं लागतं, म्हणून सांगते.

माझ्या बहिणीचा डावा पाय जन्मापासून दोन बोटं आखूड. वडील तिच्या जोड्याच्या आत, टाचेखाली, बुचाचा थर असा बसवत की बाहेरून दोन्ही जोडे सारखे दिसत. ते गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं आणि मी ते त्यांच्याहून बारीक केलं. ती टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. चौदा वर्षं ती मी केलेल्या जोड्यांत चालली आणि आम्हा दोघींखेरीज फक्त तिच्या नवऱ्याला माहीत होतं. माझं सगळ्यात चांगलं काम रोज या रस्त्यावरून जात होतं आणि कोणाला दिसत नव्हतं. मला तेच सोसवलं नाही.

कारागिरांच्या प्रदर्शनासाठी वापरात असलेला नमुना मागितला होता. मी तिला म्हटलं, दोन दिवस जोडा दे, टाच बघते. ती जुन्या सपाता घालून घरी गेली. मी डावा जोडा उभा चिरला, आतला थर दिसावा म्हणून, आणि काचेच्या पेटीत ठेवला. खाली चिठ्ठी लिहिली: कारागिराच्या बहिणीचा पाय, दोन बोटं आखूड. पहिलं बक्षीस मिळालं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. फोटोवाला म्हणाला, जोडा जरा गालाजवळ धरा. मी धरला. मला वाटलं, मिळवलं ते हेच.

फोटो छापून आल्यावर टपालाच्या खिडकीवर येणारा प्रत्येक जण तिकीट घेता घेता वाकून आत बघू लागला, तिच्या पायाकडे. चौथ्या दिवशी ती कारखान्यात आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं लोक माझ्या तोंडाकडे बघून बोलायचे, ताई."

त्यानंतर तिने माझा जोडा घातला नाही. बाजारातल्या सपाट चपला घालून, उघड लंगडत, रोज साडेनऊला ती याच रस्त्याने कामाला गेली. जवळचा रस्ता दुसरा आहे. दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. पावलं झाली नाहीत.

कलम ६. माळ्यावर पंचवीस खोकी आहेत. दर वर्षी मी तिच्यासाठी एक जोड केला. पहिले चोवीस टपालाने पाठवले. ते परत आले, प्रत्येकावर 'घेण्यास नकार' असा शिक्का. तो शिक्का तीच मारत होती, तिच्याच खिडकीवर. सरळ, पूर्ण शाईचा. कामात ती माझ्याहून चोख. पंचविसावा भाचीने नेला आणि तसाच परत आणला. म्हणाली, "मावशी, आई म्हणते, कपाटात जागा नाही." ही सगळी खोकी उसवून कातडं वापरात आणावं. ती माप जुनं असताना केलेली आहेत.

सव्विसावा जोड वेगळा आहे. भाचीने आईच्या टाकलेल्या चपला मला गुपचूप आणून दिल्या. झिजलेला तळ खोटं बोलत नाही. डाव्या चपलेची बाहेरची कड पार गेली आहे, म्हणजे सगळा भार खुब्यावर पडतो आहे. भाची तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. असंच चालू राहिलं तर दोन वर्षांत काठी, मग खुर्ची, असं त्यांनी सांगितलं. या जोडात थर अडीच बोटांचा आहे. बाहेरून दिसत नाही. कुठेही माझी खूण नाही. तो भाचीने न्यावा. खोक्यात नाही, कागदात गुंडाळून नाही, नुसता दाराशी इतर चपलांत ठेवावा.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, त्यावर साक्षीदारांसमोर सही केली.

सही: जोडे करणारी, सहासष्ट वर्षांची.
साक्षीदार १: हाडांचे डॉक्टर (सही).
साक्षीदार २: समोरचे घड्याळजी (सही, वेळेसह: सकाळी नऊ पंचवीस).
स्थळ: कारखान्यावरची खोली, रस्त्याकडची खिडकी.
दिनांक: महिन्याचा अकरावा दिवस, माझ्या बहिणीच्या वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

सह्यांच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत, असं डॉक्टर आत्ताच म्हणाले. म्हणून हे इथे लिहिते आहे. याचं बंधन कोणावर नाही, तुझ्यावर तर नाहीच.

धाकटे, मला माफ कर असं मी म्हणत नाही. ते मागायची लाज वाटते. तू जोडा बघशील आणि "ठेव तिकडं" म्हणशील, तुझा आवाज मला आत्ताच ऐकू येतो. साडेनऊ झाले आहेत, पावलंही ऐकू येत आहेत. तरी एकदा घाल. दाराबाहेर पड, या रस्त्याने येऊ नकोस, दुसऱ्या रस्त्याने जा, आणि कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत तो जोडा कोणी केला ते विसर.