नीतिमत्ता समितीच्या ताब्यातली शेळी

सोलापूर

तीर्थस्वरूप गुंडादाजी यांस,

धाकट्या मेव्हण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. अक्काची कंबर, तुमचा खोकला आणि मंगळवेढ्याकडचं ऊन यांपैकी निदान एक तरी कमी झालं असेल, अशी आशा करतो. इकडे सगळे ठीक आहेत. फक्त मी सोडून.

दाजी, तुम्ही माझ्या दारात गाभण शेळी पाठवलीत आणि माझी साडेसाती सुरू झाली. त्याच आठवड्यात विद्यापीठात आम्हा अधिकाऱ्यांचं व्यावसायिक नीतिमत्तेवर शिबिर झालं होतं. ज्याचं काम आपल्याकडे अडलंय त्याचा चहासुद्धा घेणार नाही, अशी शपथ आम्ही हात पुढे करून घेतली. (शपथेनंतरचं जेवण इमारतीच्या ठेकेदाराकडून होतं. त्याचं बांधकामाचं बिल आमच्याकडेच अडलंय.) आणि तुमचा निरोप काय, तर "घरात दूध हुईल. पूनमच्या सर्टिफिकेटाचं तेवढं बघ की!" आता पूनम तुमची लेक, म्हणजे माझी भाची, आणि मी पदवी विभागाचा उपकुलसचिव. प्रमाणपत्र तिच्या हक्काचं, सह्या होऊन तयार पडलेलं. गपचूप शेळी बांधून घेतली असती तर कुणी विचारलं नसतं. पण मला हौस दांडगी! मी ती वाजतगाजत नीतिमत्ता समितीकडे जमा केली.

समितीला स्थापनेपासून एकही प्रकरण मिळालं नव्हतं. अध्यक्ष डॉ. विरेश बिराजदारांना लॉटरी लागल्यासारखं झालं. त्यांनी माझ्यावर चौकशी लावली आणि समितीचा सचिवही मलाच केलं. (आरोपीच सचिव असला की कागद वेळेवर फिरतात, म्हणाले.) पूनमचं प्रमाणपत्र 'प्रकरणाशी संबंधित' ठरून लखोट्यात बंद झालं आणि माझ्याच कपाटात बसलं. भेटवस्तूंचं काचेचं कपाट शाली आणि पेनांच्या मापाचं, तेव्हा शेळी कार्यालयामागे लिंबाखाली बांधली. तिथे ती व्याली. दोन करडं! ही नवी भेट की जुन्याच भेटीची वाढ, यावर बैठका झडल्या. तोवर दूध वाया घालवणं म्हणजे विद्यापीठाचं नुकसान, असा ठराव झाला आणि समितीचा चहा शेळीच्या दुधाचा होऊ लागला. बिराजदार सरांचं जुनं पोटाचं दुखणं पळालं. आता निकाल लावायचा म्हणजे शेळी परत करायची. लावतो कोण? पूर्वी वर्षातून एकदाही न भरणारी समिती आता रोज सकाळी भरते.

इकडे पूनमला सोमवारी बँकेत प्रमाणपत्र दाखवायचंय, नाहीतर नेमणूक गेली. काल तिचा फोन आला. "मामा, तुमी शपथ घेतलीच न्हाय असं समजा की," म्हणाली आणि रडायला लागली. दाजी, मला फार लाज वाटली. माझ्या मोठेपणाच्या हौसेपायी त्या पोरीचं नशीब मी कुलपात घालून बसलोय.

म्हणून हात जोडून विनंती करतो, मिळेल त्या टेम्पोनं या आणि शेळी घेऊन जा. दूध थांबलं की चौकशी आपोआप थांबेल. अक्काला नमस्कार.

तुमचा,
जोतिराम

ता. क. पत्र पाकिटात घालताना राहवलं नाही. कपाट उघडलं आणि लखोटा फोडला. पत्र टपालानं न टाकता शिपाई मायाप्पाच्या हाती देतोय. प्रमाणपत्र सोबत आहे. पूनमला म्हणावं, पेढे आणू नकोस.

आणखी एक ता. क. लखोटा फोडल्याबद्दल उद्या माझ्यावर दुसरी चौकशी बसेल, आणि तीही याच समितीची. तेव्हा वरची विनंती रद्द समजा. शेळीला अजिबात हात लावू नका. ती दूध देतेय तोवर ही मंडळी कुठलीच चौकशी संपवायची नाहीत. मायाप्पाबरोबर थोडी पेंड आणि बाभळीच्या शेंगा पाठवा. आणि माझ्या निवृत्तीला अजून अवकाश आहे, म्हणून हिचं दूध आटायच्या आत दुसरी गाभण बघून ठेवा.