कोरडा ठणठणीत

आदरणीय वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, दादाचा घसा आणि आईचा स्वभाव, तिन्ही होते तिथेच असतील असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम. अब्रूचं तेवढं विचारू नका.

त्याचं असं झालं, आमच्या हॉस्पिटलात सगळ्या नर्सिंग स्टाफला प्रशिक्षण लागलं. ज्या पेशंटना लघवी-संडास आवरत नाही त्यांची कातडी कशी जपायची, हा विषय. मी म्हटलं, इतकी वर्षं वॉर्डात काढली, आता मला काय शिकवणार? (हे मोठ्यानं म्हटलं, तिथेच फसलो.) शिकवणाऱ्या बाई एवढ्याशा, आवाज त्याहून लहान. त्यांनी मलाच पलंगावर आडवं केलं, गणवेशावरून डायपर चढवला, त्यात मगभर कोमट पाणी ओतलं, वर पांघरूण घातलं आणि निवांत शिकवायला लागल्या.

वहिनी, काय सांगू, मी छताकडे बघत ऐकत होतो आणि थक्क होत होतो. आपली कातडी ही काय चीज आहे! जन्मभर ऊन, घाम, डास सगळं सोसते, कधी तक्रार करत नाही. आणि ओल्यात पडून राहिली की इतकी हळवी होते की नुसत्या चादरीनं सोलवटते. साबण तिचं अंगचं तेल पळवतो, घासलं की सालटी निघतात, पावडरीचे ओले गोळे तिला टोचतात. मऊ कापड कोमट पाण्यात भिजवून हलकेच पुसायचं, टिपून कोरडं करायचं आणि मलमाचा पातळ हात फिरवायचा. (पातळ. भिंतीचा गिलावा नव्हे.) माझं पाणी एव्हाना गार झालं होतं आणि खाज सुटली होती.

तेवढ्यात बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "ओलं लागतंय का हो?" आणि मी, एवढा मिशीवाला माणूस, छातीठोकपणे सांगितलं, "छे, कोरडा ठणठणीत." ज्या बाईनं स्वतःच्या हातानं मग ओतला, तिला! खरं सांगायला जीभच वळेना. सगळे खो खो हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत, पुन्हा विचारलंही नाही. पांघरुणाखाली हात घालून पाहिलं आणि मिशीला तेल कुठलं लावता, अशी चौकशी करता करता तो ओला प्रकार कधी काढून घेतला, मला कळलंसुद्धा नाही. असे हात मी आजवर पाहिले नव्हते.

असो. पत्र सहज लिहिलं, काम काही नाही. दादाला नमस्कार, पोरांना एकेक प्रेमळ धपाटा.

ता. क. : काम एक आहे. आईच्या मांड्या लाल झाल्यात, असं दादा बोलला. साबण आणि पावडर बंद करता येईल का? (मागे पडद्यांच्या रंगावर एक शब्द बोललो तर महिनाभर तुम्ही फोनवर नुसतं 'बरं' म्हणत होतात, म्हणून एवढा वळसा.) मलम सोबत पाठवलंय. चट्टे गेले नाहीत तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

ता. क. २ : तुम्ही सारखं विचारता आणि ती सारखं 'कोरडी आहे' म्हणते, हे मला ठाऊक आहे. यात तुमची काही चूक नाही. सुनेनं आपलं हे सगळं करावं याची तिला लाज वाटते. त्या दिवशी मलाही वाटली, आणि मी तर नुसतं नाटक करत होतो. तेव्हा विचारू नका, हात घालून बघा.

ता. क. ३ : आणि बदलताना माझ्याबद्दल वाईटसाईट बोला. पडद्यांपासून सुरुवात करा. ती रंगात येईल, आणि तिला लाजायची आठवण व्हायच्या आत तुमचं काम झालेलं असेल.