मधमाश्यांना न सांगितलेलं मरण

प्रिय लायनेल,

तुला ठाऊक नसेल, पण आपल्या चर्चमध्ये तुझ्या नावाचा दगड बसलाय. दर रविवारी मी त्याच्यासमोर बसते, आणि आज तुलाच पत्र लिहितेय! गावाला कळलं तर म्हणतील, माळ्याच्या पोरीला खुळ लागलं. म्हणू देत.

माझ्याशीच लग्न करीन म्हणालास म्हणून तुला केपटाउनच्या जहाजावर चढवलं. पुढच्या हिवाळ्यात तुझ्या आईसाहेबांनी सांगितलं, धाकटे मालक तापाने गेले. हवेलीचे पडदे ओढले, आरसे झाकले, मोलकरणींनासुद्धा काळे झगे शिवले. मी अंथरूण धरलं. मला मेलीला तर रडायचीही चोरी.

मग बाबा काळं फडकं आणि दाराची किल्ली घेऊन मधाच्या पेट्यांकडे निघाले. घरातलं माणूस गेलं की पेटीवर किल्ली वाजवून माश्यांना सांगायचं, हे तुलाही पाठ आहे. तर आईसाहेब अनवाणी बागेत धावत आल्या! "पास्को, थांब! माश्यांना काही सांगायचं नाही!" बाबा म्हणाले, "बाईसाहेब, नाही सांगितलं तर उडून जातील." "जाऊ देत मेल्या!"

बाबा घरी येऊन टोपी आपटत म्हणाले, "म्हातारीचं डोकं फिरलंय." मी मात्र ताडकन उठून बसले. अरे, पाद्रीबाबांसमोर खोटं बोलता येतं. पण जित्या माणसाचं मरण माश्यांना सांगितलं तर ते खरं होतं, म्हणून तिथे कुणाची जीभ रेटत नाही. तुझ्या आईचीही रेटली नाही. तू जिवंत होतास! पावाचं पीठ मळताना मी हसत सुटले. बाबांनी थोबाडीत दिली नाही एवढंच.

पण लिहू कुठे? पत्ता कोण देणार? आईसाहेबांचा राग राग करायला जावं, तर ती अनवाणी धावणारी बाई आठवायची. माझ्यापासून तोडायला तुला मारलं, पण मरू काही दिलं नाही. आईच ना शेवटी.

आता त्यांना दिसत नाही. दुपारी मी वाचून दाखवायला जाते. चक्क खुर्चीवर बसवतात, बघ! काल माझा हात चाचपडत म्हणाल्या, "पोरी, तुझं लोहाराशी लग्न झालं असं मी त्याला कळवलंय. आता माझ्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. तूच लिही." आणि तुझा पत्ता सांगितला.

म्हणून लिहितेय. लायनेल, माझं लग्न झालेलं नाही. लोहाराने विचारलं होतं, खोटं कशाला बोलू? भर बाजारात विचारलं. मी म्हटलं, माझा माणूस परदेशी आहे, येईल. सगळे हसले रे. आता तू ये, नाहीतर मी खोटी ठरेन.

तुझी, अजूनही तुझीच,
टॅम्सिन